साक्षीदार यंत्र आणि वैद्यकाचा विवेक

धान्याच्या पेढीवरील तराजूची वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि त्यावर मोहोर उमटविली जाते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत पिढ्यान्‌पिढ्या भुसाराचा व्यापार करणाऱ्या घराण्यांना यात अपमान वाटत नाही. "आजोबांपासून आमचे माप खरे आहे, मग मोहोर कशाला?" असा प्रश्न प्रामाणिक व्यापारी विचारीत नाही. ती मोहोर व्यापाऱ्याच्या नीतीवर संशय घेण्यासाठी नसते. तराजूच्या आत काय आहे, हे ग्राहकाला दिसू शकत नाही, म्हणून ती असते.

सन २०११ मध्ये याच कोल्हापुरात हाच प्रश्न वैद्यकीय व्यवसायापुढे उभा राहिला. तराजूच्या जागी सोनोग्राफीचे यंत्र होते आणि मोहोरेच्या जागी त्या यंत्राला जोडावयाची एक लहानशी पेटी. त्या पेटीचे नाव होते 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे मूक साक्षीदार. या पेटीवरून मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेला वाद व त्याचा निकाल व्यावसायिक नीतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. तो केवळ डॉक्टरांचा वाद नव्हता. त्यात मागणी करणारे ग्राहक कोण होते, हाही प्रश्न दडलेला होता.

समृद्ध जिल्ह्यातील तूट

निसर्गनियमानुसार साधारणतः १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मास येतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली असावयास हव्यात. सन २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यातील ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली आढळल्या. त्या वेळी राज्याचा आकडा ९१३ आणि देशाचा ९२७ होता. ऊस, गूळ, दूध आणि उद्योग यांनी संपन्न झालेला, सहकाराचा पाया भक्कम असलेला, राजर्षी शाहू महाराजांच्या सुधारणांचा वारसा सांगणारा हा जिल्हा. अंबाबाईचे मंदिर ही त्याची ओळख आणि महाराणी ताराबाईंचा पराक्रम हा त्याचा अभिमान. तेथे हजारामागे शंभराहून अधिक मुलींची तूट पडली होती.

ही तूट दारिद्र्यातून आलेली नव्हती. परवडण्याजोगे तंत्रज्ञान आणि ते वापरून देणारा तज्ज्ञ, दोन्ही हाताशी असल्यामुळे ती आली होती. गर्भजल परीक्षेचा गैरवापर महाराष्ट्रात १९८० च्या दशकात वाढला. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढचे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती त्या काळी उघडपणे झळकत. मुंबईतील कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा संमत झाला आणि १९९६ च्या प्रारंभापासून तो लागू झाला. तरीही अंमलबजावणी ढिलीच राहिली. तेव्हा मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

पेटी आणि एफ फॉर्म

कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख हे मराठी वाचकांना साहित्यिक म्हणूनही परिचित आहेत. बडोद्याच्या ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत जिल्ह्यात मुली वाचविण्याची मोहीम हाती घेण्यात आली. २०११ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने सोनोग्राफी केंद्रांना दोन गोष्टी करावयास सांगितल्या. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा एफ फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरावा, ही पहिली. प्रत्येक यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवावा, ही दुसरी.

एफ फॉर्म हे त्या तपासणीचे व्हाउचरच होय. गर्भवतीचे वय, तिला असलेली अपत्ये व त्यांपैकी मुलगे किती आणि मुली किती, तिला कोणत्या डॉक्टरांनी पाठविले, तपासणीचे वैद्यकीय कारण काय, हे सर्व त्यात नोंदवावे लागते. गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे गर्भवतीने आणि ते कोणालाही सांगितलेले नाही असे डॉक्टरांनी, दोघांनीही लिहून द्यावयाचे असते. एकटा फॉर्म फारसे बोलत नाही. पण शेकडो फॉर्म एकत्र मांडले, की खतावणी बोलू लागते. पदरी केवळ मुली असलेल्या स्त्रियाच एखाद्या केंद्रावर ठरावीक आठवड्यांत मोठ्या संख्येने येत असतील आणि कारणाचा रकाना मोघम असेल, तर लेखापरीक्षकाला जे समजावयाचे ते समजते. पेटीचे काम याला पूरक होते. यंत्रावर प्रत्यक्ष किती तपासण्या झाल्या आणि नोंद किती फॉर्मची झाली, यांचा मेळ घालण्याची सोय तिच्यामुळे झाली. रोकड आणि रोजकीर्द यांचा मेळ घालण्यासारखेच हे होते.

डॉक्टरांचे आक्षेप, न्यायालयाचे उत्तर

रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने या परिपत्रकाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. कायद्यात न सांगितलेल्या गोष्टीची सक्ती करण्याचा जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय सोनोग्राफीतील प्रतिमा साठविल्याने रुग्णाच्या खाजगीपणाच्या हक्कावर आक्रमण होते, असेही त्यांनी मांडले. यांपैकी दुसरा आक्षेप हलका नव्हता. वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे, हे वैद्यकनीतीचे सर्वांत जुने सूत्र आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने ही याचिका फेटाळली. पेटीत साठलेल्या प्रतिमा ऑनलाइन कोठेही पाठविल्या जात नाहीत, त्या यंत्रातच राहतात, याची न्यायालयाने नोंद घेतली. पेटी उघडावयाची ती जिल्हाधिकारी वा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या सूचनेवरून आणि संबंधित डॉक्टरांच्या उपस्थितीत. म्हणून खाजगीपणाचा भंग होतो हे म्हणणे मान्य झाले नाही. मुलींच्या घटत्या प्रमाणाच्या पार्श्वभूमीवर असा उपाय कायद्याच्या हेतूशी सुसंगत ठरविण्यात आला.

निकाल लागला, पण त्यामागील नीतीचा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे. व्यावसायिकाने राखावयाचे गुपित नेमके कोणाचे असते? बँकेच्या व्यवहारात याचे उत्तर फार पूर्वीच मिळाले आहे. ग्राहकाच्या खात्याची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कर्तव्य होय. परंतु इंग्लंडमधील १९२४ च्या एका प्रसिद्ध निकालाने या कर्तव्याच्या मर्यादाही सांगितल्या. कायद्याची सक्ती, समाजाप्रति कर्तव्य, बँकेचे स्वतःचे न्याय्य हित आणि ग्राहकाची संमती या चार प्रसंगी ती माहिती देता येते. गुप्तता ग्राहकाच्या रक्षणासाठी असते. अधिकाऱ्याचा गैरव्यवहार झाकण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही.

मानसोपचाराच्या क्षेत्रातही हेच तत्त्व आहे. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क मान्य करते आणि त्याच कलमात अपवादही सांगते. दुसऱ्या व्यक्तीला इजा वा हिंसा होण्याचा धोका असेल, तर तो टाळण्यापुरतीच आवश्यक माहिती मानसोपचारतज्ज्ञाला वा मानसशास्त्रज्ञाला देता येते, त्याहून अधिक नाही. मुलासाठी सासरचा तगादा लागल्याने झोप उडालेली सून समुपदेशकापुढे बसते, तेव्हा तिने सांगितलेले तिच्या संमतीवाचून सासूबाईंच्या कानी घालण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही, मग फी सासऱ्यांनी भरलेली असली तरी. गुपित फी भरणाऱ्याचे नसते, ते रुग्णाचे असते. "घरात काय ते आम्हांला कळायला नको का?" या प्रश्नाला नकार देणारा समुपदेशक उद्धट नसतो. तो आपले कर्तव्य करीत असतो. आणि सोनोग्राफीच्या खोलीत "डॉक्टर, फक्त आम्हांला सांगा" या विनंतीला नकार देणारी डॉक्टरही तेच करीत असते.

यंत्राला न ऐकू येणारे

मूक साक्षीदाराच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. पेटी प्रतिमा टिपते, पण कुजबूज ऐकू शकत नाही. कायद्याने शब्दाने, खुणेने अथवा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचे लिंग सूचित करण्यास बंदी घातली आहे. परंतु एक नजर, पेढ्याचा वा बर्फीचा उल्लेख, रिपोर्टवरची एखादी खूण यांची नोंद कोणत्या पेटीत होणार? शिवाय नोंदणीच नसलेले यंत्र पेटीच्या आवाक्याबाहेरच राहते.

याचे भीषण प्रत्यंतर कोल्हापूरपासून फार दूर नसलेल्या म्हैसाळ येथे आले. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या गावात २०१७ मध्ये एका गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला. तपासात ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. हे प्रकरण ज्या रुग्णालयात घडले, तेथील डॉक्टर होमिओपॅथीचा पदवीधर होता. एकटा डॉक्टर अशी व्यवस्था चालवू शकत नाही. त्यासाठी रुग्ण आणून देणारे मध्यस्थ लागतात, औषधे पुरविणारे लागतात आणि मुख्य म्हणजे पैसे मोजणारी कुटुंबे लागतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९७१ च्या कायद्याने विहित कारणांसाठी, विहित मुदतीत आणि मान्यताप्राप्त डॉक्टरकडून होणारा गर्भपात वैध ठरविला आहे. स्त्रीच्या आरोग्यासाठी ती मोठी सोय आहे. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची धास्ती घेऊन गरजू स्त्रीला वैध सेवाच नाकारणे, हाही नीतिभंगच होय. सोनोग्राफीचेही तसेच. बाळाची वाढ, त्यातील दोष, मातेचे धोके ओळखण्यासाठी ती वरदान आहे. दोष तंत्राचा नाही, त्याच्याकडून काय विकत घेतले जाते याचा आहे.

सन २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८३९ वरून ८६३ वर गेला. त्याच दशकात राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरला होता. त्या मानाने ही वाढ दिलासा देणारी आहे. तरीही ९५० पासून ती दूरच आहे. आणि पेटी ही तर त्या दशकाच्या अगदी शेवटी आली. तेव्हा या सुधारणेचे श्रेय एका यंत्राला देता येणार नाही. जागृती, तपासण्या, खटले आणि काही डॉक्टरांनी निग्रहाने दिलेले नकार, या सर्वांचा त्यात वाटा मानावा लागेल.

नोंद ही कारकुनी नव्हे

डॉक्टरांच्या संघटनांची आणखी एक तक्रार दीर्घकाळ राहिली. एफ फॉर्ममधील लहानसहान चुकांसाठीही फौजदारी कारवाई होते, ही कारकुनी चुकांची शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाने हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने तो अमान्य केला. नोंद अपुरी वा चुकीची असेल तर कायद्याचा भंग झाला असे मानले जाईल आणि तसे नसल्याचे तपासणी करणाऱ्याने सिद्ध करावे, ही तरतूद कायम राहिली. बंद खोलीत तीन-चार माणसांच्या साक्षीने घडणाऱ्या, सर्वांनाच लपवावयाच्या असलेल्या कृत्याचा दुसरा पुरावा तरी कोणता असणार?

व्यापारी कुटुंबांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोऱ्या व्हाउचरवर सही घेणारा रोखपाल "घाईत राहून गेले" असे म्हणतो, तेव्हा पेढीचा मालक ते कारकुनी म्हणून सोडून देत नाही. प्रामाणिक डॉक्टरला अचूक नोंद हे ओझे वाटले, तरी तेच त्याचे कवचही असते. आपल्यावर आळ आला, तर त्याच्या बाजूने बोलणारा तोच एक साक्षीदार.

करणारा, करविणारा आणि मान डोलावणारा

आता राहिला तो ग्राहक. कोणतीही वस्तू मागणीवाचून विकली जात नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने स्त्रीभ्रूण नष्ट करण्याच्या हेतूने होणारी लिंगतपासणी हे गैरवर्तन ठरविले, कट प्रॅक्टिसलाही मज्जाव केला. पण ग्राहकासाठी आचारसंहिता कोण लिहिणार?

जैन कुटुंबांपाशी ती फार पूर्वीपासून लिहिलेली आहे. श्रावकाने कोणते व्यवसाय करू नयेत, याची पंधरा कर्मादानांची यादी सांगताना आचार्यांनी बाजारात मागणी आहे की नाही, हा निकष लावला नाही. विषाला गिऱ्हाईक असते, हस्तिदंतालाही असते. तरीही ते वाणिज्य वर्ज्य. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातील हिशेब तर याहून सूक्ष्म आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. यांचा गुणाकार १०८. जपमाळेचे मणी ओढताना हा गुणाकार अनेक घरांत मुलांना सांगितला जातो.

तो या प्रश्नाला लावून पाहावा. "या खेपेला तरी मुलगा हवा" असा मनाशी होणारा निश्चय म्हणजे संरंभ. ओळखीचा मध्यस्थ गाठणे, सीमेपलीकडच्या गावी जाण्यासाठी गाडी ठरविणे हा समारंभ. प्रत्यक्ष कृत्य हा आरंभ. डॉक्टर करणारा, कुटुंब करविणारे आणि "त्यांच्या घरचा प्रश्न आहे" म्हणून मान डोलावणारे नातलग हे अनुमोदन देणारे. मुंगी वाचविण्यासाठी पाऊल जपून टाकणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या घराला यातील कोणत्या रकान्यातून सूट मिळते?

हा प्रश्न कठोर वाटला तरी आकडे तो विचारावयास भाग पाडतात. सन २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे देशातील सर्व धर्मसमाजांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत या समाजातील ० ते ६ वयोगटातील प्रमाण हजार मुलग्यांमागे ८७० मुली, म्हणजे देशाच्या सरासरीहून ५७ ने कमी होते. २०११ मध्ये ते ८८९ झाले. सुधारणा झाली, पण तूट पुरती भरून निघाली नाही. शिक्षणाने आणि सुबत्तेने डॉक्टरपर्यंतचा रस्ता सोपा केला. त्या रस्त्याने कशासाठी जावयाचे, हे मात्र त्यांनी ठरविले नाही.

"पेढी पुढे कोण चालविणार?" हे कारण सर्वाधिक ऐकू येते. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली सुधारणा करून मुलीला जन्मतः सहदायाद मानले. वारस नसणे आणि मुलगा नसणे या दोन गोष्टी आता एक राहिल्या नाहीत. "दोन मुली आहेत, समतोल साधू द्या" या युक्तिवादाचा निवाडाही मुंबई उच्च न्यायालयात झाला आहे. दोन मुली असलेल्या एका दांपत्याने लिंगनिवडीची मुभा मागितली होती. २००७ साली न्यायालयाने ती नाकारली.

कायदा डॉक्टरपाशीच थांबत नाही, हेही कुटुंबप्रमुखांनी जाणून असावे. पहिल्या गुन्ह्यासाठी डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे, तर लिंगनिदानाची मागणी करणाऱ्याला तेवढीच कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. दोष सिद्ध झालेल्या डॉक्टरचे नाव पाच वर्षे आणि पुन्हा गुन्हा केल्यास कायमचे नोंदवहीतून काढले जाते. गर्भवती स्त्रीवर मात्र पती वा नातलगांनी सक्ती केली असेच कायदा प्रथमतः गृहीत धरतो. या एका तरतुदीत घराघरांतील वस्तुस्थितीचे ज्ञान आहे.

दात्यांचे आणि विश्वस्तांचे दायित्व

समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय दवाखान्यांना देणग्या देतात, त्यांच्या विश्वस्त मंडळांवर बसतात. सोनोग्राफीचे यंत्र दान देऊन फलक लावला की जबाबदारी संपत नाही. नोंदणीवाचून यंत्र चालविता येत नाही, नोंदणी नसलेल्याला ते विकताही येत नाही. केंद्राचा मालकही कायद्यापुढे जबाबदार असतो. एफ फॉर्म नियमित भरले जातात का, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल जातो का, दोन वर्षांच्या नोंदी जागेवर आहेत का, हे विश्वस्तांनी ताळेबंदाइतक्याच काळजीने विचारावे. तसे विचारले जाते हे कळले, की आत बसलेल्या प्रामाणिक डॉक्टरचे बळ वाढते. नकार देणारी डॉक्टर एकटी पडते, गिऱ्हाईक तुटते, शेजारच्या गल्लीतला दुसरा 'सांगतो' अशी चर्चा होते. अशा वेळी तिच्या पाठीशी उभे राहणारे दोन विश्वस्त कोणत्याही पेटीहून अधिक उपयोगी ठरतात.

आणि घरापुरते करावयाचे ते तर सोपेच आहे. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आलेल्या सुनेला "काय म्हणाले डॉक्टर?" असे विचारताना, बाळाची प्रकृती कशी आहे आणि तिची स्वतःची कशी आहे, एवढेच विचारावयाचे.

तराजूवरची मोहोर माप खरे ठेवावयास भाग पाडते, पण पारड्यात काय ठेवावयाचे ते ठरवीत नाही. कोल्हापूरच्या त्या पेटीने डॉक्टरच्या हाताला साक्षीदार दिला. करविणाऱ्याच्या आणि मान डोलावणाऱ्याच्या मनाला साक्षीदार देणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. तेथे ज्याचा हिशेब त्यानेच ठेवावयाचा असतो.